बाकेआनोची यादी

सोमवारी सकाळी नऊ वाजता आमच्या प्रोग्रामरांच्या सहकारी संस्थेत पाय ठेवायला जागा नसायची. आम्ही सभासद मोजून चौदा. सान होसे गावात बेकरीच्या माडीवर आमचं ऑफिस. पण त्या जून महिन्यात, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, शेजारच्या दोन संस्थांमधले प्रोग्रामर येऊ लागले, दूधसंघाचे कारकून येऊ लागले, आणि खालचा बेकरीवालासुद्धा पिठाचे हात पुसत जिन्यात उभा राहू लागला. सगळे कोट-मफलर न काढता भिंतीवरच्या पडद्याकडे टक लावून. माते म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा; त्याचं भांडं आमच्याकडे दिवसभर हातोहात फिरतं. एकाने नळीने पिऊन संपवलं की पुन्हा गरम पाणी ओतून पुढच्याला. आमच्या सल्लागाराने, दार्दोने, लॅपटॉप उघडला की ते भांडं ज्याच्या हातात असेल त्याच्याच हातात गार व्हायचं.

दार्दो काळ्या पडद्यावर एकच ओळ टाईप करायचा. चित्र नाही, रंग नाही, बटण नाही. मग दोन्ही हात वर करून लॅपटॉपपासून लांब सरकायचा.

"मंडळी, मी कोण? मी नुसता निरोप्या. बघणारा तो, बाकेआनो!"

बाकेआनो म्हणजे जुन्या काळी आमच्या मोकळ्या माळावर वाट दाखवणारा माणूस. मातीचा वास घेऊन तो म्हणे सांगायचा, आपण कुठे आहोत आणि पाणी किती लांब आहे. दार्दोने आपल्या प्रोग्रामला हेच नाव दिलं होतं, आणि त्याचा माळ म्हणजे आमचा इतिहास.

हा इतिहास काय ते सांगते. दूधसंघाच्या टँकरांनी रोज कुठल्या गोठ्यावरून कुठे जायचं, ते आमचा प्रोग्राम ठरवतो. त्यातली एक ओळ जरी कुणी बदलली तरी नोंद होते: कुणी बदलली, कधी, कशासाठी. सात वर्षांच्या अशा एकोणीस हजार नोंदी. कागदपत्रं जळतात, माणसं विसरतात, पण या नोंदी खोटं बोलत नाहीत, असं आम्ही उठताबसता म्हणायचो. दार्दोचा दावा असा की बाकेआनो या सगळ्या नोंदी वाचतो आणि पुढच्या आठवड्यात कुठली फाईल बिघडणार ते सांगतो.

"यामांदू, बाळा, गेल्या आठवड्यात काय काय बिघडलं ते वाच बरं."

यामांदू आमच्यातला सगळ्यात नवा आणि सगळ्यात भाविक. तो उभा राहून चार नावं वाचायचा.

"आता गेल्या सोमवारी बाकेआनो काय बोलला होता ते बघू."

पडद्यावर नोंद उघडायची. दार्दो एचेगोयेन, गेला सोमवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. खाली चार नावं. तीच चार.

जिन्यातून बेकरीवाला "आई गं!" करायचा आणि खोलीत टाळ्या पडायच्या. पाच सोमवारांत अठरा बिघाड झाले. अठराच्या अठरा यादीत होते.

आता तुम्ही विचाराल, यादी सोमवारी तयार असते, तर ती सोमवारीच का दाखवत नाही? त्याला दार्दोकडे तोंडपाठ उत्तर होतं. "मंडळी, वाटाड्याला घाई करायची नसते! फाईलचं नाव आधी कळलं की तुम्ही घाबरून तिला हात लावणार. हात लावला की इतिहास ढवळला. ढवळला की बाकेआनोला दिसेनासं होतं. स्वच्छ पाण्यातच तळ दिसतो ना?" लोक माना डोलवायचे. यातलं एक वाक्य जरी माझ्या वर्गात कुणी बोललं असतं, तर मी त्याला फळ्यापाशी बोलावून पुन्हा बोलायला लावलं असतं. पण मी गप्प बसले, कारण दार्दो माझा विद्यार्थी होता.

तंत्रशाळेत मी एकवीस वर्षं शिकवलं. संस्थेतली सगळी अजून मला बाईच म्हणतात. दार्दो चौदा वर्षांचा असताना माझ्या वर्गात आला. त्याच्या आईला दूध काढायला मदत हवी होती, ती त्याला शाळेतून काढायला निघाली होती. मी तिच्या गोठ्यावर जाऊन बसले, भांडले, आणि पोराला परत आणलं. पुढे तो माझ्याच टेबलावर जेवायचा, माझ्याच टेबलावर अभ्यास करायचा. राजधानीत, मोंतेविदेओला जाऊन मोठा सल्लागार झाला, तेव्हा मी गावभर सांगत फिरले. संस्थेत त्याला बोलवा म्हणून आग्रह धरला तोही मीच. माझ्या हाताखालून गेलेलं पोर खोटं बोलणार नाही, हे मी कधी तपासून पाहिलं नव्हतं. चर्चची पायरी न चढणाऱ्या बाईची ही अंधश्रद्धा.

तिसऱ्या सोमवारी सुल्मा पेर्दोमो उठली. सुल्मा संस्थेत अकरा वर्षं. बोलणं कमी, आणि बिघडलेली वस्तू समोर ठेवली की ती दुरुस्त झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

"दार्दो, आजची यादी आज कागदावर दे. आम्ही कुणी बघत नाही. पाकिटात घालू, कपाटात ठेवू, पुढच्या सोमवारी उघडू. कुणाचा हात लागणार नाही, तुझं पाणीही ढवळणार नाही."

दार्दो हसला. "सुल्मा, तुला कशाची भीती वाटते गं?"

एवढंच. पण पुढच्या सोमवारी यादीत एक नवा रकाना आला. फाईलच्या नावासमोर "कुणाचा हात". बिघडलेल्या प्रत्येक जागी शेवटचा हात कुणाचा लागला, ते बाकेआनो सांगू लागला. सुल्मा पेर्दोमो. सुल्मा पेर्दोमो. सुल्मा पेर्दोमो. पाचातल्या चार ठिकाणी.

"मी काही म्हणत नाही," दार्दो आवाज खाली आणून म्हणाला. "इतिहास म्हणतो. काहींच्या हाताला असतं तसं, त्यांचाही इलाज नसतो."

आणि आम्ही काय केलं? आम्ही तर्काची भाकरी खाणारी माणसं. यामांदूने आपल्या फाईली तिच्याकडे देणं बंद केलं. कुणीतरी तिच्या खुर्चीमागे अपशकुनावर उतारा म्हणून लाल दोरा बांधला, थट्टेत म्हणे. मातेचं भांडं तिच्यापर्यंत आलं की पुढचा माणूस "मला नको, पोट बिघडलंय" म्हणू लागला. एकाच आठवड्यात सहा जणांची पोटं बिघडली!

पाचव्या सोमवारी आमचा अध्यक्ष एदिसन बेन्तान्कोर घसा खाकरत उभा राहिला. एदिसन वाईट माणूस नव्हे, फक्त शेवटी ज्याच्याशी बोलला त्याच्यासारखं त्याचं मत असतं. सुल्माचं सभासदत्व काढण्याचा ठराव पुढच्या सोमवारी मतदानाला घ्यायचा का, त्याने विचारलं. त्रेपन्नाव्या वर्षी आमच्या गावात बाईला प्रोग्रामरचं दुसरं काम मिळत नाही, आणि हाताला अपशकुनी म्हणून नाव झालं तर कुठल्याच गावात नाही. हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आठ हात लागत होते. सात वर गेले. दार्दोने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी गणित बरोबर आलं की बघायचा तसं. आठवा हात माझा.

सुल्माने तो हात पाहिला आणि पुन्हा आपल्या पडद्याकडे वळली.

बुधवारी दुपारी टँकर ड्रायव्हरांच्या मुकादमाचा फोन आला. आमच्याकडे एक रीत आहे: ड्रायव्हर टँकरच्या फेरीला ज्या नावाने ओळखतात, तेच नाव फाईलला द्यायचं. म्हणजे रस्त्यात अडकलेला ड्रायव्हर फोनवर ओरडला की कुठली फाईल उघडायची ते शोधत बसावं लागत नाही. उत्तरेकडच्या एका फेरीचं नाव सात वर्षं "विधवेची फेरी" होतं, कारण शेवटचा गोठा विधवा ओफेलियाबाईचा.

"बाई, नाव बदला," मुकादम म्हणाला.

"का रे? काय झालं?"

"काल म्हातारीने लग्न केलं की! गुरांच्या डॉक्टरशी. कुणाला पत्ता नाही, दोघं गुपचूप नोंदणी कचेरीत जाऊन सही ठोकून आले. आज पोरं टँकर घेऊन गेली तर केस रंगवून दारात उभी. म्हणते, आता मला विधवा म्हणाल तर दूध देणार नाही."

मी हसत हसत फाईलचं नाव बदललं. "नवरीची फेरी." नोंद केली, माझं नाव, बुधवार, दुपारचे तीन.

गुरुवारी पहाटे तीच फेरी बिघडली. टँकर बंद पुलावरून पाठवला गेला, दोन गोठ्यांचं दूध ओतून द्यावं लागलं. सुल्माने येऊन, कुणाशी एक शब्द न बोलता, दुपारच्या आत दुरुस्त केलं. "नवरीची फेरी"वर शेवटचा हात तिचा राहिला.

मतदानाच्या सोमवारी गर्दी रस्त्यापर्यंत होती. दार्दो मोंतेविदेओहून सकाळच्या बसने आला, रीतीप्रमाणे मला गालावर मुका दिला, "बाई, थंडी कशी सोसते तुम्हाला?" म्हणाला. सुल्मा कोपऱ्यात, कोट अंगावरच.

"यामांदू, वाच."

यामांदूने तीन नावं वाचली. तिसरं, "नवरीची फेरी".

दार्दोने यादी उघडली. गेला सोमवार, नऊ वाजून दहा मिनिटं. तीन नावं. तिसरं, नवरीची फेरी. समोर, सुल्मा पेर्दोमो.

टाळ्या सुरू झाल्या. माझेही हात जवळ आले होते, आणि तिथेच थांबले. मी ते नाव पुन्हा वाचलं. तारीख पुन्हा वाचली. मला आनंद झाला नाही. अजूनही वाटतं, मीच चुकलेली निघाले असते तर बरं झालं असतं.

"दार्दो," मी म्हटलं, "ही यादी तू गेल्या सोमवारी लिहिलीस?"

"मी नाही बाई, बाकेआनोने."

"बरं, बाकेआनोने. गेल्या सोमवारी 'नवरीची फेरी' नावाची फाईल नव्हती."

"असं कसं? सात वर्षांचा इतिहास आहे तिचा. मी स्वतः पाहिलाय."

"इतिहास आहे, कारण तुझा प्रोग्राम फाईलच्या जुन्या नावाच्या नोंदीही तिच्याच म्हणून दाखवतो. तू आज वरवर पाहिलंस आणि तुला वाटलं, हे नाव पहिल्यापासूनचं. सोमवारी तिचं नाव 'विधवेची फेरी' होतं. बुधवारी तीन वाजता मी बदललं. मंगळवारी त्या बाईचं लग्न झालं म्हणून बदललं."

एदिसनच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. "म्हणजे... बाकेआनोला लग्नसुद्धा आधी कळलं?"

"नवरीच्या बहिणीलाही कळलं नव्हतं!" दूधसंघाचा कारकून ओरडला, आणि जिन्यात हशा पिकला.

दार्दोची जीभ अजून चालत होती. "मंडळी, बाकेआनो नावांच्या पलीकडे बघतो. काळ त्याच्यासाठी सरळ रेषेत..."

"दार्दो, मी तुला शिकवलंय. माझ्यापुढे हे नको."

मी उठून भिंतीजवळच्या आमच्या संगणकावर बसले. यादीची नोंद त्याने पाच मिनिटांपूर्वीच आमच्या नोंदींच्या साठ्यात पाठवली होती. "मंडळी, प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात," मी म्हटलं. "आपण पत्रावर वर तारीख घालतो, ती आपली. मनाला येईल ती घाला, हवं तर माझ्या जन्माची घाला. पाकिटावर पोस्टाचा शिक्का पडतो, ती पोस्टाची. नोंदीचंही तसंच. एक तारीख लिहिणारा सांगतो, दुसरी संगणक त्या क्षणाच्या घड्याळाने घालतो. पक्का लबाड ते घड्याळही मागे फिरवेल. तेवढी तसदी दार्दोने घेतली नसावी, कारण त्याचा प्रोग्राम तुम्हाला पहिलीच तारीख दाखवतो. मी दुसरी दाखवायला सांगते."

एक ओळ टाईप केली. काळ्या पडद्यावर उत्तर आलं. आजचा सोमवार, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं.

"बसमध्ये लिहिलीस होय रे?" बेकरीवाल्याने विचारलं.

मी मागच्या पाचही याद्या तशाच उघडल्या. प्रत्येक यादी उघडण्याच्या दिवशीच लिहिलेली. बिघाड आधी झाला होता, भविष्य नंतर. असं असेल तर अठरातले अठरा बरोबर येणारच, शाळेतलं पोरही आणील.

"पण तारीख अशी बदलता येते हे आपल्याला कुणालाच कसं..." यामांदू रडकुंडीला आला होता.

"येते हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं," मी म्हटलं. मला तर सगळ्यात जास्त. सात वर्षांपूर्वी जुन्या सभासदांचं काम इतिहासात आणलं, तेव्हा दार्दो सुट्टीत मदतीला आला होता. मेलेल्या, निवृत्त झालेल्या माणसांच्या कामाला त्यांची खरी तारीख मिळावी म्हणून तारीख हाताने कशी घालायची, ते मी त्याला माझ्या शेजारी बसवून शिकवलं होतं.

"आणि सुल्माचा हात?" कुणीतरी विचारलं. "ते तर खरंच आहे ना? शेवटचा हात तिचाच लागलाय."

"दवाखान्यात आजाऱ्यांच्या खाटांपाशी सगळ्यात जास्त कोण दिसतं?" मी विचारलं. "डॉक्टर. मग आजार डॉक्टरने आणला का? बिघडलेलं सगळं आपण तिच्यापुढे टाकतो, ती दुरुस्त करते, आणि शेवटचं नाव तिचं राहतं. गुरुवारी फेरी पहाटे मोडली. तिचा हात दुपारी लागला. दोन्ही नोंदी समोर आहेत, वाचा."

यामांदूने वाचल्या. मोठ्याने वाच म्हटलं, तेव्हा मोठ्यानेही वाचल्या.

दार्दो लॅपटॉप मिटून बसला होता. मी त्याच्यासमोर गेले. "का रे?"

"बाई, प्रोग्राम खोटा नाही," तो हळू म्हणाला. "खरंच नाही. कुठे वारंवार ठिगळं लागतात ते तो दाखवतो, त्याचा उपयोग होतो. दहातले तीन-चार बरोबर येतात."

"मग तीन-चार म्हणायचं होतंस."

"तीन-चारांना कोण टाळ्या वाजवतं? पहिल्या सोमवारी मी खरी यादी दाखवली असती तर तुम्ही 'छान' म्हणून बिस्किटं खायला गेला असतात. शेजारच्या संस्थांनी मला बोलावलं असतं का?"

"आणि सुल्मा? तिने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"ती पाकीट मागत होती," तो म्हणाला.

मी त्याला मारलं नाही, ओरडलेही नाही. त्याच्या आईच्या गोठ्यावर मी ज्या पोरासाठी भांडले, तो पोरगा मला त्या चेहऱ्यात कुठे दिसेना. मी त्याला जा म्हटलं. तो गर्दीतून वाट काढत जिना उतरला आणि कुणी बाजूला सरायलाही तयार नव्हतं.

एदिसनने ठराव मागे घेतल्याचं जाहीर केलं, आणि मग काय करावं न कळून टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी साथ दिली. यामांदू सुल्माच्या खुर्चीमागचा लाल दोरा सोडायला लागला. गाठ पक्की होती, त्याला जमेना.

मी सुल्माजवळ गेले. "सुल्मा, मला त्याने फसवलं. आपल्या सगळ्यांना फसवलं."

ती कोटाची बटणं लावत होती. "त्याने तारीख खोटी घातली, बाई," ती म्हणाली. "तुमचा हात मात्र खरा होता."

तिने ड्रॉवरमधला चष्मा घेतला आणि गेली. मी दोनदा तिच्या घरी गेले. दोन्ही वेळा दार तिच्या मुलीने उघडलं आणि आई झोपली आहे म्हणून सांगितलं, भर दुपारी. अजूनही काही बिघडलं की आमच्याकडे दोन दिवस लागतात.

दार्दोने मला फसवलं, हे मी चारचौघांत सांगते, आणि ते खरंच आहे. पण फसवायला त्याला मोठी विद्या लागली नाही. ज्याला उद्याचं कळतं असा कुणी भेटला, मग तो जपमाळ घेऊन येवो की लॅपटॉप घेऊन येवो, परका असो की आपल्या ताटात जेवलेला, त्याला एवढंच सांगा: आज लिहून दे, सगळ्यांसमोर, आणि कागद आमच्याकडे राहू दे. खरं निघालं तर मानू, चुकलं तर चुकलं म्हणू. यात कुणाचा अपमान नाही. आणि तुम्हाला हे विचारायचा धीर होत नसेल, तर निदान विचारणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. आमच्यात हे विचारायला एकटी सुल्मा उठली होती, आणि आम्ही तेरा शिकलेल्या माणसांनी चेटकीण ठरवायला नेमकी तिलाच निवडलं.